तक्रार: ‘गोडे में सूर आहे’ म्हणजे गोड हवे असे नाही

नागपूर, दि. २० ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: खोली क्र. १४ मधील रहिवाशाच्या दुखण्याकडे तीन दिवस झालेले दुर्लक्ष

महोदय,

माझ्या सासूबाई, वय ८३, गेले सात महिने आपल्या वर्धा रोडवरील वृद्धांच्या देखभाल केंद्रात आहेत. दरमहा ३८,००० रुपये आम्ही पाच तारखेच्या आत भरतो, १ लाख अनामत वेगळी. ९ ऑगस्टच्या रात्रीची आपल्याच वहीतली नोंद अशी: ‘आजी बाथरूमजवळ घसरल्या, लागलेले नाही.’ आम्हाला फोन नाही. १० तारखेला: ‘ओरडतात, गोड मागतात, शिरा दिला.’ ११ तारखेला: ‘पुन्हा गोड मागतात. हट्टी, पाय टाकत नाहीत, असहकार्य. झोपेची गोळी दिली.’

१२ तारखेला मी भेटायला आले. अमांनी (सासूबाईंना आम्ही अमा म्हणतो) माझा हात ओढून सुजलेल्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, “गोडे में सूर आहे.” मी नागपूरच्या महाल भागातल्या मराठी घरातली. लग्न होऊन जरीपटक्यात, इथल्या सिंधी वस्तीत, आले, तेव्हापासून तीस वर्षांत कानावर पडली तेवढीच सिंधी मला येते. पण एवढे कळायला तेवढी पुरते. सिंधीत गोडो म्हणजे गुडघा आणि सूर म्हणजे दुखणे. एक्स-रेत गुडघ्याच्या वाटीला तडा निघाला. जेवणानंतरची साखर ३१२ होती, कारण या मधुमेही बाईला दोन दिवस शिरा चारला गेला होता.

मावशी म्हणाल्या, “ताई, आजी गोड-गोडच करून राहिली होती, मंग मी काय करू?” त्यांच्यावर माझा राग नाही, आणि हे पत्र दाखवून त्यांचा पगार कापू नये. सिंधीतले ‘आहे’ आपल्यासारखेच, ‘पाणी’ही पाणीच. पाणी मागितले की पाणी मिळते, त्यामुळे आजींचे सगळे कळते असा सगळ्यांचा समज होतो. ‘उञ लगी आहे’ म्हटले तर तहान लागली आहे हे मात्र कोणाला कळत नाही.

ही चूक टाळता आली असती. प्रवेश अर्जाच्या तिसऱ्या पानावर मी स्वतः लिहिले होते: ‘मातृभाषा सिंधी. स्मृतिभ्रंशामुळे मराठी आणि हिंदी विसरत चालल्या आहेत.’ अमा १९४८ मध्ये, सहा वर्षांच्या असताना, कराचीहून बोटीने मुंबईला आल्या. मग कल्याणची छावणी, मग नागपूर. हिंदी आणि मराठी त्या इथे येऊन शिकल्या, आणि या आजारात पुष्कळदा मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. न्यूरॉलॉजिस्टचे तसे पत्रही अर्जाला जोडले होते. तरी आपल्या संगणकात ‘भाषा: हिंदी’ अशी नोंद आहे. कोणी बदलली, ते मला लेखी हवे.

केंद्रप्रमुख मला म्हणाले, “मॅडम, प्रत्येकाच्या भाषेचा माणूस कुठून आणायचा?” जरीपटका याच शहरात आहे, साहेब. तिथे दिवसपाळी करायला तयार बायका मिळतील, आपण विचारले तर. आणि सिंधी येत नसली तरी डोळे असतातच. बोलून सांगू न शकणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे दुखणे मोजायला ‘पेनॅड’ नावाची पट्टी आहे. श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टींना ० ते २ गुण द्यायचे. पाच मिनिटांचे काम. झोपेच्या गोळीच्या आधी ते कोणीच केले नाही.

माहितीपत्रकावर आपण ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ छापले आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउन भागात ‘ऑन लॉक’ ही संस्था १९७१ पासून चिनी, इटालियन, फिलिपिनो म्हाताऱ्यांसाठी चालते. माणसाची भाषा आणि ताट धरूनच काळजी घ्यायची, ही तिची सुरुवात. आपला दर्जा त्यातला असेल तर मला तो अजून दिसला नाही.

ऑगस्टचे शुल्क, एक्स-रे आणि प्लास्टरचा खर्च मिळून ५२,६०० रुपये परत करावेत. वहीतले ‘हट्टी’ आणि ‘असहकार्य’ हे शब्द खोडून तिथे ‘गुडघा दुखत होता’ असे लिहावे. झोपेची गोळी कोणत्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिली ते कळवावे. खाटेजवळ लावायला चाळीस सिंधी शब्दांचा तक्ता मी देवनागरीत करून सोबत देत आहे, तो प्रत्येक पाळीच्या मावशीला वाचून दाखवावा. त्यात सूर पहिला आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही, हे मी विचारून ठेवले आहे.

अमांना सध्या घरी आणले आहे. खोली क्र. १४ मधला त्यांचा झूलेलाल देवाचा फोटो आणि निळी शाल मी रविवारी न्यायला येईन. कृपया कपाटाला कुलूप असू द्यावे.

आपली,
खोली क्र. १४ मधील रहिवाशाची सून
जरीपटका, नागपूर