खोडलेलं रीडिंग

प्रिय मंजू,

तुझ्या पत्रांची उत्तरं माझ्याकडे थकली आहेत, त्याबद्दल जे काय बोलायचं ते भेटल्यावर बोल. तब्येती सगळ्यांच्या ठीक. आईंचं बीपी गोळीने ताब्यात आहे, माझी कंबर अधूनमधून कुरकुरते, बाकी काही नाही. आज लिहायला बसले ती वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. शेखरला सांगितली तर तो म्हणाला, ‘बरं, मग?’

ईशा लंबकाचा प्रयोग करत होती. एक मीटर दोरा, खाली पितळेचा गोळा, वीस दोलनांचा वेळ स्टॉपवॉचवर. तन्मय गोळा सोडायचा, ती वेळ घ्यायची. रीडिंगं आली ४०.३, ३९.९, ४१.५, ४०.२ सेकंद. मी मागेच उभी होते. तिने रबर घेतलं, ४१.५ खोडलं आणि तिथे ४०.१ लिहिलं. अगदी शांतपणे, शुद्धलेखनातली एखादी वेलांटी सुधारावी तसं. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, ‘वर छापलंय ना, अपेक्षित उत्तर ४०.१. ते एक चुकलं होतं.’ त्यावर तन्मय म्हणाला, ‘चुकलं कसं? त्या वेळी मी लांबून सोडला होता, एवढ्या लांबून,’ आणि त्याने हाताने कोन करून दाखवला. चांगला पंचेचाळीस अंशांचा!

आता तू खुर्चीत सरसावून बसली असशील. पंचेचाळीस अंशांवरून सोडलेल्या लंबकाचा दोलनकाळ चार टक्क्यांनी वाढतो. वीस दोलनांना ४०.१ ऐवजी ४१.७ सेकंद लागायला हवेत, आणि हवेमुळे झोका हळूहळू लहान होत जातो ते धरलं तर ४१.५ अगदी चोख आहे. ‘झोका लहान असो की मोठा, वेळ तोच’ असं गॅलिलिओला वाटत होतं. ते फक्त लहान झोक्यांनाच लागू पडतं हे डच शास्त्रज्ञ हायगेन्सने ओळखलं, मोठ्या झोक्यालाही तेवढाच वेळ लागावा म्हणून लंबकाची वाटच बदलावी लागते हे गणिताने सिद्ध केलं आणि १६७३ साली ते छापलं. म्हणजे त्या पानावरचं सगळ्यांत मोलाचं रीडिंग माझ्या मुलीने रबराने पुसलं. तिला लबाडी करायची नव्हती, हे तुला सांगायला नको. नीटनेटकं काम करायचं होतं. असं नीटनेटकं काम करायला तिला त्या छापील उत्तराच्या अभ्यासक्रमाने शिकवलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आपले प्रॅक्टिकलचे सर ‘रीडिंग बसवा’ म्हणायचे, आठवतं? ध्वनीचा वेग मोजायच्या रेझोनन्स ट्यूबच्या वेळी तू ‘सर, जे आलं ते आलं’ म्हणून अडून बसलीस आणि आपली शेवटची बस गेली. बस गेल्याचा राग मला अजून आहे. अडून बसल्याचा तेव्हाही नव्हता.

तर मुद्द्यावर येते. यंदा घरी शिकवायला दोन्ही मुलांसाठी मिळून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र असा एकच अभ्यासक्रम घ्यायचा आहे, आणि माझ्यासमोर दोन आहेत. एक जाडजूड. सगळं आहे त्यात. व्हिडिओ, प्रत्येक धड्याला उदाहरणं, उत्तरं, चाचण्या, वर प्रयोगांचं किट. लंबक त्यातलाच. प्रत्येक प्रयोगाचा तक्ता आखलेला, काय यायला हवं ते आधीच छापलेलं. दुसरा बारीक. धडे मोजके, तक्ते कोरे. कुठला आकडा कुठे लिहायचा, किती वेळा मोजायचं, आलेखाचे अक्ष कोणते, सगळं मुलांनी ठरवायचं. प्रयोगांची उत्तरं मागे कुठेच नाहीत. पहिला घेतला तर माझं काम सोपं, वर्षाअखेर ‘सगळं झालं’ म्हणता येईल. दुसऱ्यात प्रकाश जेमतेम, चुंबकत्व ओझरतं, सेंद्रिय रसायन नाहीच. शेखर म्हणतो, पुढे कुठली परीक्षा द्यायची झाली तर या रिकाम्या जागा कोण भरणार? त्याची काळजी खोटी नाही.

तू म्हणशील, गणित कुठवर आलंय ते आधी सांग. सांगते. ईशाचं बीजगणित पक्कं आहे, त्रिकोणमिती नुकती सुरू झाली. तन्मयला गुणोत्तर कळतं, पण सूत्र उलटवून घ्यायचं म्हटलं की घाम फुटतो. ‘गणिताशिवाय भौतिकशास्त्र म्हणजे नुसत्या गप्पा’ हे तुझं वाक्य, आणि ‘हाताला कळल्याशिवाय गणित म्हणजे नुसती चिन्हं’ हे माझं. हे भांडण अजून मिटलेलं नाही आणि मी माघार घेणार नाही. पण क्रम लावताना तुझंच ऐकलंय. आधी द्रव्य घ्यायचं: वस्तुमान, आकारमान, घनता, विद्राव्यता, उत्कलनबिंदू, मिश्रणं वेगळी करणं, आणि त्यातून अणूपर्यंत. याला गुणोत्तर आणि आलेख पुरतात, म्हणून दोघं एकत्र बसू शकतात. बलं आणि गती ईशाची त्रिकोणमिती झाल्यावर.

ही वाट मी माझ्या मनाने काढलेली नाही. अमेरिकेत हेबर-शाइम यांच्या गटाने १९६७ साली अशाच क्रमाचा एक अभ्यासक्रम छापला होता. मीठ पाण्यात विरघळलं, बर्फ वितळला, बाटलीत वायू तयार झाला, तर वस्तुमान तेवढंच राहतं का, हे मुलांनीच तोलून बघायचं. अणू फार उशिरा येतो, त्याची गरज पडल्यावर. त्याआधी १९५६ मध्ये एमआयटीत झकारायस यांनी हायस्कूलच्या भौतिकशास्त्रासाठी मोठं काम सुरू केलं, त्यातूनच ही माणसं तयार झाली. आणि तुझा लाडका, मध्य प्रदेशातला होशंगाबादचा विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम, १९७२ चा! खेड्यातल्या शाळांत सहावी ते आठवीची मुलं स्वतः प्रयोग करत होती, परीक्षेला पुस्तकं उघडी ठेवून बसत होती. २००२ साली तो बंद केला तेव्हा तू मला चार पानी संतप्त पत्र लिहिलं होतंस. ते पत्र अजून आहे. त्यातला तुझा घनतेचा ग्रीक ‘ऱ्हो’ आणि इंग्रजी ‘पी’ अजूनही एकसारखेच दिसतात, आणि त्यापायी आपल्या दोघींचेही मार्क कापले गेले होते हे मी विसरलेले नाही.

शेखरला मी १९९८ चा, अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ हेक यांचा अभ्यास दाखवला. ६२ अभ्यासक्रम, सहा हजारांवर विद्यार्थी, सगळ्यांना सुरुवातीला आणि शेवटी बलाच्या संकल्पनांवर एकसारखी चाचणी. सुरुवातीला जेवढं येत नव्हतं त्यातलं नुसती व्याख्यानं ऐकणाऱ्यांनी सरासरी २३ टक्के भरून काढलं. जिथे विद्यार्थी स्वतः करून, आपसात वाद घालून शिकत होते तिथे ४८ टक्के. तो म्हणाला, ती बहुतेक कॉलेजची मुलं, आणि त्यांना शिकवायला प्राध्यापक होते, तू नाहीस. नवऱ्याला योग्य वेळी योग्य मुद्दा सुचावा याचं मला फार वाईट वाटतं. मग मी त्या चाचणीच्या धाटणीचा एकच प्रश्न ईशाला घातला. नाणं वर फेकलंय, हातातून सुटलंय, अजून वर चाललंय. हवेचं सोडून दे, त्यावर बलं कोणती? ती म्हणाली, खाली गुरुत्व आणि वर हाताचं बल, पण ते कमी कमी होतंय. हीच मुलगी गतीच्या समीकरणांची सगळी उदाहरणं जाड्या पुस्तकातून बिनचूक सोडवते, मंजू! नाणं किती उंच जाईल ते सेंटिमीटरपर्यंत सांगते, आणि सुटलेल्या नाण्याला अजून हात ढकलतोय असं मानते.

नमुन्याची पानं मी आता वेगळ्या नजरेने वाचते. सरळ विमानाच्या पंखाचं पान उघडायचं. वरच्या हवेला लांबचा रस्ता आहे, तिला खालच्या हवेबरोबरच मागच्या टोकाला पोहोचायचं असतं म्हणून ती जोरात पळते, असं लिहिलेलं असेल तर पुस्तक बाजूला. तसं काही बंधन हवेवर नाही, वरची हवा प्रत्यक्षात आधीच पोहोचते. मग किरणोत्साराचा धडा. अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ निम्मा उरायला लागणारा काळ, शिकवताना कार्बन-१४ ची ५७३० वर्षं सांगितली आहेत आणि ज्यावरून पृथ्वीचं वय काढतात त्या युरेनियम-२३८ च्या साडेचार अब्ज वर्षांपाशी मात्र लेखक गुळमुळीत झालाय, असं काही पुस्तकांत दिसलं. पृथ्वीच्या वयाला जो घाबरतो त्याच्या हाती मी मुलांना देणार नाही. या दोन्ही पानांवर जाडं पुस्तक पास झालं, हे प्रामाणिकपणे सांगते. ते चुकीचं नाही. ते फक्त मुलांच्या आधी उत्तर देतं.

किटचं फार अवघड नाही. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, मल्टिमीटर, अल्कोहोलचा थर्मामीटर, दोन भिंगं, मोजपात्रं, डोळ्यांना गॉगल. वीज फक्त सेलची, भिंतीतल्या सॉकेटला हात नाही. पारा नाही, तीव्र आम्लं नाहीत. शेखर म्हणतो, एवढा पसारा कशाला, कोलोरॅडो विद्यापीठातून २००२ पासून निघालेली फेटची सिम्युलेशन्स फुकट आहेत, ती वापर. वापरतेच. वायूचे रेणू भिंतीवर आदळताना दुसरीकडे कुठे दाखवणार? पण स्क्रीनवर दोरा ताणत नाही, हात लांबून सुटत नाही, बटण उशिरा दाबलं जात नाही. तिथे ४१.५ आलं असतं तर ते कुणीतरी मुद्दाम घातलेलं असतं.

खरी अडचण पुढेच आहे. मी शेजारी बसले की ईशा माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर ठरवते. माझी भुवई जरा वर गेली की तिचं रबर हातात. मी खिडकीकडे तोंड करून बसून पाहिलं, तर ती माझ्या श्वासावरून ओळखते! कोऱ्या तक्त्याचा अभ्यासक्रम आणला आणि छापील उत्तराच्या जागी माझा चेहरा आला, तर मिळवलं काय? तन्मय अजून तसा नाही, तो बिनधास्त ‘लांबून सोडला होता’ म्हणतो. त्याचं ते जाण्याआधी मला हे मार्गी लावायचंय.

म्हणून माझं बारीक पुस्तकावर ठरलंय, पण तू हवीस. दर आठवड्याला दोघांच्या जर्नलच्या पानांचे फोटो तुला पाठवीन. तू उत्तरं द्यायची नाहीत, चूक-बरोबर लिहायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे. ‘हे रीडिंग वेगळं का?’, ‘काटा ०.१ पर्यंत दाखवतो तर तू दोन दशांश स्थळं कुठून आणलीस?’ असे. तुझा चेहरा त्यांना दिसणार नाही. घरात नियम करतेय: रबर बंद, नको असलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी कारण लिहायचं. राहिलेले प्रकाश आणि चुंबकत्व पुढच्या वर्षी जाड्या पुस्तकातून, तोवर उत्तर आधी न वाचण्याची सवय झाली असेल. सेंद्रिय रसायनाचं काय करायचं ते तू सांग. तिथे मला तुझ्याशी भांडायलाही पुरेसं येत नाही.

लंबक आम्ही पुन्हा टांगलाय. या वेळी ईशाने कोनमापक चिकटवलाय, आणि दहा, वीस, तीस असं करत साठ अंशांपर्यंत जायचं तिचं तिनेच ठरवलंय. हायगेन्सबद्दल मी चकार शब्द बोललेले नाही. तूही बोलू नकोस.

तुझं काय? बदलीचं नक्की झालं का? अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं? केतनने नोकरी सोडली हे मला तिसऱ्याकडून कळावं हे काही बरं नाही, सविस्तर लिही. नवीन विभागप्रमुखांशी जमतंय ना?

पुस्तकाची मागणी येत्या सोमवारी नोंदवायची आहे, त्याआधी हो की नाही एवढं तरी कळव. आठवड्यातला तुझा अर्धा तास जाईल, जास्त नाही. नाही म्हणालीस तरी पानं पाठवणारच आहे.

तुझी,
नीता

ता. क. सोबत जोडलेल्या पहिल्या फोटोत तिसऱ्या ओळीत खोडल्याची खूण दिसेल. तिच्याशी बोलताना त्याचा विषय काढू नकोस, मी तिला काही म्हटलेलं नाही.