जार टेस्ट तुमची, जार आमचे

मा. पाणीपुरवठा मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

काल माझ्या खाणावळीत एका जुन्या गिऱ्हाइकानं आमटीची वाटी परत सरकवली. म्हणाला, "मालक, दवाखान्याचा वास येतोय." २२ वर्षांत अशी वाटी परत आली नव्हती. आमटी नळाच्याच पाण्याची, म्हणून हे पत्र.

जलशुद्धीकरण केंद्राच्या उद्घाटनाला स्टेजवरून सांगितलं होतं, आता रोज जार टेस्ट होणार, म्हणजे भांड्यांत पाणी घेऊन तुरटीचा नेमका डोस ठरवणार. गेल्या आठवड्यात केंद्रावर जाऊन आलो. नदीला पहिला लोंढा आलाय, पाणी चहाच्या रंगाचं. ऑपरेटर पाटात तुरटीच्या लाद्या टाकतोय, अंदाजपंचे दाहोदरसे! वर टीसीएल म्हणजे क्लोरीनच्या पावडरीचं एक घमेलं जास्त. जार टेस्टचं यंत्र आहे ना, कपाटात, प्लास्टिकसकट. किल्ली केमिस्टकडे, केमिस्टचं पद रिक्त.

साहेब, पालापाचोळ्याचा तो विरघळलेला अर्क आधी तुरटीनं खाली बसवायचा, क्लोरीन त्यानंतर. नाहीतर क्लोरीन त्याच्याशीच झोंबतो आणि क्लोरोफॉर्मच्या कुळातली ट्रायहॅलोमिथेन्स तयार होतात. रॉटरडॅमच्या पाण्यात हे सापडलं १९७४ साली! पाणी नुसतं नितळ दिसण्यापुरत्या तुरटीनं इथे भागत नाही. डोस बहुधा वाढवावा लागतो, सामू (पीएच) ६ च्या आसपास आणावा लागतो. किती, ते त्या कपाटातल्या ६ भांड्यांत तासाभरात कळतं. आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, क्लोरोफॉर्मला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मुभा देतं. अमेरिका त्या कुळातली चार भावंडं मिळून ०.०८ वर थांबते. आमच्याकडे किती, कुणी मोजलंय?

क्लोरीन बंद करा म्हणत नाही. कावीळ मी भोगलीय. दीड महिना खाणावळ बंद, बायकोच्या पाटल्या मोडल्या, त्या अजून सुटायच्यात म्हणावं तर मोडलेल्या सुटत नसतात.

आता पिण्याच्या पाण्याचे रोज ६ जार विकत घेतो, ४० रुपयांनी. महिन्याला ७,२००, पाणीपट्टी वेगळी. गावाचे मिळून वर्षाला कोटभर जात असतील. हिशेब चुकला असेल तर आपल्या लेखाधिकाऱ्यांनी दुरुस्त करावा, तेवढंच काम होईल. टाकीला पैसा मिळतो, कारण टाकीवर नाव रंगवता येतं. तुरटीवर कुणाचं रंगवणार? दवाखान्यात मशीन आहे, चालवणारा नाही. शाळेत संगणक आहेत, वीज नाही. सगळीकडे कपाट आणि किल्ली.

केमिस्ट नेमा, यंत्र बाहेर काढा. "संबंधित विभागाकडे अग्रेषित" असं उत्तर देणार असाल तर नको. तसली तीन आलीत, भज्यांचं तेल टिपायला वापरली.

आपला,
एक खाणावळवाला