माझ्या प्रबंधातले दोन आकडे तुमचे आहेत, काका

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव आहे, पण एका ओळीत. ते मला पुरेसं वाटत नाही. आमच्या लॅबमध्ये तुम्ही नेमकं काय केलंत हे लॅबबाहेरच्या माणसांनाही कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझं काम तांब्याच्या आयनांचं, म्हणजे द्रावणातल्या विद्युतभारित अणूंचं. मिठाच्या दाट द्रावणात ते किती वेगाने पसरतात, म्हणजे त्यांचा विसरणांक किती, हे मोजायचं. अगदी विरल द्रावणातला आकडा कोष्टकात मिळतो, २५ अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ७१४ वर्ग मायक्रोमीटर. चार-पाच मोलर (लिटरमागे चार-पाच मोल), म्हणजे खूप दाट क्लोराइडमध्ये मात्र तो चालत नाही. तिथे आयनाभोवतीचं पाणी हटतं, त्या जागी क्लोराइड बसतात आणि फिकट निळं द्रावण हिरव्याकडे, मग पिवळसर रंगाकडे जातं. तांब्याचा नेहमीचा आयन क्यूप्रिक, त्यावर दोन विद्युतभार असतात; एकच भार असलेला, साध्या पाण्यात न टिकणारा क्यूप्रस आयनही अशा द्रावणात टिकतो, फक्त हवा लागता कामा नये. क्यूप्रसपासून तांबं मिळवायला अणूमागे एकच इलेक्ट्रॉन लागतो, सल्फेटच्या द्रावणात दोन लागतात. क्लोराइडमधून तांबं काढण्याच्या पद्धती आणि दोन्ही बाजूंना तांबंच वापरणाऱ्या फ्लो बॅटऱ्या (द्रावणात ऊर्जा साठवणाऱ्या बॅटऱ्या) याच गुणावर चालतात, म्हणून या आकड्यांना महत्त्व.

मोजणी फिरत्या डिस्क इलेक्ट्रोडवर केली. वेनियामिन लेविच यांनी १९४२ साली त्याचं गणित मांडलं. डिस्क जितकी जोरात फिरवावी तितका लिमिटिंग करंट, म्हणजे आयन पोचण्याच्या वेगाने ठरणारा कमाल विद्युतप्रवाह, वाढतो, वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, आणि त्या रेषेच्या चढावरून विसरणांक निघतो. पण त्याच समीकरणात आणखी दोन राशी लागतात, द्रावणाची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (घनतेच्या हिशेबात धरलेला दाटपणा) आणि तांब्याची तीव्रता. हे दोन्ही आकडे तुमच्या हातचे आहेत, काका.

व्हिस्कॉसिटी पाण्याचीच घालतात कित्येक जण. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत. कपाटातून उबेलोडे व्हिस्कोमीटर, म्हणजे बारीक केशनळीतून द्रव उतरायला लागणाऱ्या वेळेवरून व्हिस्कॉसिटी मोजणारी काचेची नळी, काढलात, वॉटर बाथ २५ अंशांवर स्थिर होईपर्यंत मला हात लावू दिला नाहीत, कारण एका अंशाच्या फरकाने पाण्याची व्हिस्कॉसिटी सुमारे २ टक्के बदलते. नळी ओळंब्याने सरळ उभी केलीत. द्रावण गाळूनच आत जाणार, कारण केशनळीत एक कण अडकला तरी वेळ बदलते. आणि खारं द्रावण काढल्यावर आधी डिस्टिल्ड वॉटर, मग ॲसिटोन. थेट ॲसिटोन घातलं तर मीठ तिथेच बाहेर पडून नळी बंद होते, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये मी वाचलं नव्हतं.

त्या सगळ्या खटाटोपाचं मोल आकड्यांतच दिसतं. सोडियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणाची व्हिस्कॉसिटी पाण्याच्या दीडपटीहून जास्त. कॅल्शियम क्लोराइड तर साखरेच्या पाकासारखं संथ उतरतं. व्हिस्कॉसिटी दुप्पट असताना पाण्याचा आकडा घातला, तर विसरणांक सुमारे १६ टक्के कमी येतो. एवढ्या फरकात दोन मिठांमधला खरा भेद हरवून जातो.

तीव्रतेचं गणित आणखी कडक आहे. तिथे २ टक्के चुकलं की विसरणांक ३ टक्के चुकतो. म्हणून तुम्ही प्रत्येक बाटलीचं आयोडोमेट्रीने टायट्रेशन करायला लावलंत, म्हणजे तांब्याने आयोडाइडपासून सोडलेलं आयोडीन मोजून तीव्रता काढायला. हायपो (सोडियम थायोसल्फेट) त्याच दिवशी स्टँडर्डाइझ केलेला हवा, स्टार्च शेवटी शेवटी घालायचा, मग थायोसायनेट, आणि सी.बी.आर., म्हणजे पुन्हा पुन्हा तेच ब्युरेट रीडिंग, आल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही. बी.एस्सी.च्या मुलांसाठी मांडलेल्या टेबलावर पीएच.डी.चं काम तितक्याच निगुतीने करून घेणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

क्यूप्रसचं द्रावण करायलाही तुम्हीच शिकवलंत. क्यूप्रिक क्लोराइडच्या आम्लयुक्त खाऱ्या द्रावणात तांब्याच्या तारेचे तुकडे टाकायचे, नायट्रोजन सोडत राहायचा. द्रावण आधी गडद तपकिरी होतं, मग हळूहळू सगळा रंग निघून जातो. रंग जाईपर्यंत तुम्ही शेजारी उभे होतात.

आणि व्होल्टेजसोबत करंट कसा बदलतो याचा आलेख पाहून तुम्ही विचारलेला प्रश्न. तुम्ही म्हणालात, "दोन पायऱ्या दिसतात. दुसरी पहिलीच्या दुप्पट आहे का?" क्यूप्रिकचं क्यूप्रस होताना एक इलेक्ट्रॉन, थेट तांबं होताना दोन, मग उंची दुप्पटच हवी. ती तशी आली, तेव्हा आयन विसरणानेच पोचतो आहे याची मला खात्री पटली. परीक्षकांनी व्हायव्हात हेच विचारलं. उत्तर माझ्याकडे तयार होतं, तुमच्यामुळे.

आता ब्रोमाइडची मालिका सुरू करते आहे. आयोडाइड शक्य नाही, क्यूप्रिक त्याचं लगेच आयोडीन करून टाकतं, आपलं टायट्रेशनच त्यावर चालतं. लिथियम ब्रोमाइडच्या दाट द्रावणासाठी कुठल्या केशनळीचा व्हिस्कोमीटर घ्यावा, हे मला तुम्हालाच विचारायचं आहे. तब्येत बरी असेल तर या आठवड्यात घरी येऊ का? काकूंनाही नमस्कार सांगा.

तुमची,
लॅबमधली विद्यार्थिनी