लाल दोऱ्याचा कोपरा

अमळनेर

प्रिय सुमे,

दोन वर्षांत पत्र नाही, हे मान्य. गुडघे, शुगर, सगळं आहे तसंच. आता मुद्द्याचं.

आईची गोधडी विकत मागायला मुंबईहून गॅलरीवाल्या बाई आल्या होत्या. भाचीने फोटो टाकला होता म्हणे इंस्टावर. बाईंनी ओट्यावर बसून गोधडी पालथी केली, चष्मा कपाळावर सारला आणि मागचे टाकेच बघत बसल्या. आई म्हणाली, "पांघरानी चीज भितले टांगतस का?" आणि लगेच चहात साखर किती ते विचारलं.

बाई सांगत होत्या, जगभर आता कापड-दोऱ्याला मान आलाय. 2024 ला व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, सुवर्णसिंह हा मानाचा पुरस्कार मिळाला तो न्यूझीलंडच्या चार माओरी बायकांना, ट्रकचा माल बांधायच्या पट्ट्या विणून केलेल्या कामाला! आपल्याकडे केळीच्या गाड्या रोज बांधतात, एखादं मांजरसुद्धा कुणी देत नाही. मृणालिनी मुखर्जी म्हणून शिल्पकार होत्या, बडोद्याला शिकलेल्या. मागाशिवाय, नुसत्या दोराच्या गाठी मारून माणसाहून उंच मूर्ती उभ्या करायच्या. 2015 ला गेल्या, आणि न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं 2019 ला. जर्मनीतल्या त्या नामांकित बाऊहाउस कलाशाळेतही मुलींना विणकामाच्या वर्गात ढकलायचे. त्यातल्याच अ‍ॅनी आल्बर्स.

मला तेव्हा आपलं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आठवलं. तू सबमिशनला वाकळ आणलीस, सर म्हणाले, "ही हस्तकला, चित्रकला नव्हे." आणि मी मान डोलावली. वर मीच तुला "गोधडीवाली" म्हणाले. तू महिनाभर बोलली नाहीस, माझी 6बी पेन्सिल मात्र परत केली नाहीस, ती अजून तुझ्याकडेच आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गिरणी बंद पडली त्या पावसाळ्यात तू आमच्याकडे राहिली होतीस ना? तेव्हाच शिवली ही गोधडी, आत बाबांची धोतरं, वर आईचं लुगडं. पांढरी रीळ संपली म्हणून एक कोपरा तू लाल दोऱ्याने भरलास. तू डावखुरी, तिथले टाके उलटे कलतात. बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "इथे हात बदललाय."

मी म्हणाले, "आईचा हात थकला असेल."

का म्हणाले, देव जाणे. तू म्हणशील, सवय आहे. तेव्हापासून झोप नाही. पैशाचं मी नंतर बघेन. त्यांनी विचारलं, खाली पाटीवर नाव कुणाचं लिहायचं? आई म्हणते कुणाचंच नको, अंगावर घ्यायच्या गोष्टीला नाव कसलं. पण पाटी कोरी राहिली तर लोक गॅलरीचंच नाव वाचतील. मला दोघींचं हवंय, आणि बाईंना फोन करून खोटं बोलले हे आधी सांगायचंय. तू हो म्हणालीस तरच.

नातू चालायला लागला का? भाऊजींचं डोळ्याचं ऑपरेशन उरकलं असेल. सुनेला सांग, कळण्याचं पीठ पाठवते.

लवकर कळव. माहेरचं आडनाव लावायचं की सासरचं, तेही.

तुझी,
शालू