काकू, त्या दिवशी घोडा दिला नाहीत त्याबद्दल थँक्यू

प्रिय काकू,

समोर उभं राहून थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, राडारोडा जिन्यात ठेवू नका" म्हणून दार लावून घेता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता कुठलं दार लावाल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही तिघी भाड्याने राहतो आणि फ्लॅटमधली एक खोली अर्धवटच सोडलेली होती, म्हणजे दोन भिंतींना प्लास्टर, दोन भिंती नुसत्या विटांच्या, खाली कोबा, लाईटचा पत्ता नाही, बॅगा आणि मोडकी खुर्ची टाकायची जागा. ओनर म्हणाले तुम्हीच करून घ्या, सामानाचा खर्च भाड्यातून वळता करू, आणि आम्हाला वाटलं त्यात काय एवढं, चार व्हिडिओ बघू आणि करू. शनिवार-रविवारात उरलेल्या दोन भिंतींना आम्ही स्वतः प्लास्टर मारलं (हो, स्वतः, आणि खांदे आठवडाभर वर जात नव्हते) आणि मंगळवारी रंगाआधीची पुट्टी लावायची म्हणून मी तळमजल्यावर काकूंकडे घोडा, म्हणजे दुहेरी शिडी, मागायला गेले.

"कशाला पाहिजे?"
"पुट्टी लावायचीय."
"प्लास्टर कधी केलं?"
"परवा."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी काहीतरी चोरून आलेय, आणि म्हणालात, "मग घोडा पुढच्या महिन्यात ने." आणि दार बंद. मी वर येऊन आमच्या ग्रुपवर तुमच्याबद्दल जे काही टाइप केलं ते सांगत नाही, डिलीट केलंय.

संध्याकाळी तुम्हीच वर आलात, हातात फक्त किल्ल्यांचा जुडगा. तोपर्यंत आम्हाला माहीतच नव्हतं की तुम्ही बावीस वर्षं साईटवर सुपरवायझर होता. काही न बोलता तुम्ही किल्लीने भिंतीवर टकटक करत सुटलात, वरून खाली, एका हाताच्या अंतराने. टण्ण, टण्ण, टण्ण, आणि मग मध्येच बद्द, म्हणजे आत पोकळ. बद्द आला की खडूने गोल. मी मोजले, अकरा गोल झाले, एक तर ताटाएवढा. "विटा भिजवल्या होत्या का?" तिघी गप्प. मग तुम्ही सांगितलंत की कोरडी वीट मालातलं, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूतलं, पाणी पिऊन टाकते, सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही, मग प्लास्टर वरून छान दिसतं पण भिंतीला धरलेलंच नसतं. आणि आम्ही तर शहाणपणा करून मालात सिमेंट दुप्पट घातलेलं, जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत ना! तर तसं नसतं, आतल्या भिंतीला एकास सहा म्हणजे सिमेंटच्या सहापट वाळू पुरते, सिमेंट जास्त झालं की माल सुकताना जास्त आकसतो आणि केसासारख्या चिरा पडतात. त्या चिरा तुम्ही बोट ठेवून दाखवल्यात तेव्हा दिसल्या, त्याआधी आम्ही त्याच भिंतीसमोर सेल्फी काढला होता.

आणि मग जाता जाता दारात थांबून तुम्ही विचारलंत, "बोर्ड कुठाय?"

कुठला बोर्ड? अहो, स्विचबोर्ड. आम्ही दोन भिंती लिंपून मोकळ्या झालो होतो आणि लाईट, पंखा, चार्जिंग यातलं काही आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आधी भिंतीत झिरी मारून वायरचा पाइप टाकायचा आणि मग प्लास्टर, हा क्रम असतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मला वाटलं आता सगळं फोडायला लावणार. तुम्ही म्हणालात घर तुमचं नाही, फोडू नका, बाहेरून वायर झाकणारी केसिंग पट्टी मारा, उद्या ओनर नको म्हणाला तर स्क्रू काढले की झालं. पण वायरिंगला स्वतः हात लावायचा नाही, वायरमनच बोलवायचा, यावर तुम्ही एक शब्द ऐकून घेतला नाहीत. वायरमन आला तेव्हाही तुम्ही शेजारी उभ्या. लाईटला १.५ स्क्वेअर एमएमची वायर ठीक आहे, १६ अँपियरच्या पॉइंटला त्याहून जाड टाक, आणि अर्थिंग जोडल्याशिवाय पट्टीचं झाकण लावायचं नाही. तो बिचारा आम्हाला हळूच विचारत होता या कोण आहेत.

अजून एक, ओनरचं बोलणं. "तोंडी बोलला? मेसेज कर, आत्ता, माझ्यासमोर." काय काय करणार, खर्च कसा वळता होणार, घर सोडताना खोली पूर्वीसारखी करून मागणार नाही ना, सगळं मी तिथेच उभ्या उभ्या टाइप केलं आणि त्यांचं "ओके" आलं. आणि काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो, प्रत्येक कोपऱ्याचे. ते आम्ही काढलेच नव्हते, नशीब एकीने राहायला आलो तेव्हा आईला दाखवायला व्हिडिओ केला होता, त्यावर भागलं. डिपॉझिटचं भांडण नेहमी आठवणीवर होतं असं तुम्ही म्हणालात, आणि मागच्या घराचं आमचं भांडण अगदी तसंच झालं होतं.

मग अकरा गोल आम्ही छिन्नीने काढले, सांधे खरवडले, विटांवर पाणी मारलं, नवा माल भरला. ते सगळं तुम्ही आम्हाला करायला लावलंत, स्वतः थापीला हात लावला नाहीत, त्याचा तेव्हा राग आला होता. पुढचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी, आणि ऑफिसच्या गडबडीत एकदा विसरले तर खालून फोन, "पाणी मारलं का?"

त्यानंतर मात्र नुसतं थांबायचं. हा भाग सगळ्यात कंटाळवाणा होता आणि मला वाटतं खरं काम तेच होतं. भिंत वरून कोरडी दिसली तरी आत पाणी असतं, ते बाहेर येताना क्षार घेऊन येतं आणि पुट्टी-रंगाला ढकलून देतं, त्यालाच लोणा म्हणतात हे मला तुमच्याकडून कळलं. साधारण २८ दिवस थांबा म्हणालात. आमची एक रूममेट अठराव्या दिवशीच हट्टाला पेटली, तर तुम्ही वाद न घालता प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर चिकटवलात आणि म्हणालात उद्या या वेळेला बघ. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतून बारीक बारीक थेंब, आणि तेवढा चौकोन गडद. ती काही बोलली नाही, पण तो तुकडा तिनेच दर चार दिवसांनी नव्या जागी लावला, आणि शेवटी कोरडा निघाला त्या दिवशी तीच ओरडत खाली आली तुमच्याकडे.

पुट्टीचं काय सांगू. पाण्यात पावडर घालायची, पावडरवर पाणी नाही, नाहीतर गुठळ्या. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ. आणि रात्री मोठा लाईट बंद करून मोबाईलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरायचा, बाप रे, दिवसा काचेसारखी वाटणारी भिंत एकदम डोंगरदऱ्या! आम्ही पेन्सिलने खुणा करत गेलो आणि सकाळी मास्क लावून पॉलिश पेपर. दोन रात्री तुम्ही नुसत्या उंबऱ्यात बसून "डावीकडे, अजून, तिथे" एवढंच करत होतात.

रंगाच्या बाबतीत तुमचं ऐकलं नाही, सॉरी. खिडकीची भिंत हिरवीच केली आणि आम्हाला आवडतेय.

खोलीत आता आमची तिसरी झोपते, इतके महिने ती हॉलमध्ये गादी टाकत होती. काल मी किल्लीने सगळ्या भिंती वाजवून बघितल्या. एक बद्द राहिलाय, दाराच्या मागे, छोटा आहे, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून सांगतेय.

आणि घोडा. रविवारी आणून देतो, पंखा बसवायचा राहिलाय तेवढा. तिसऱ्या पायरीवरचा हिरवा डाग आमचा आहे, घासून बघितला, जात नाही. बाकीचे डाग आधीचेच आहेत, नेला त्या दिवशी फोटो काढून ठेवलेत.

तुमच्या,
वरच्या तिघी