व्हर्सायची सून आणि तुझी सायकल

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा बाबा म्हणाले, जरा थंड होऊ दे तिला, मग बोल. मला तेवढा धीर नाही, म्हणून लिहायला बसले. याचे फोटो काढून तेच तुला पाठवतील. मध्ये कुठे समासात पेन्सिलीने काही लिहिलेलं दिसलं तर ते त्यांचं समज.

आधीच सांगते, या पत्रात सायकलीचा विषय काढणार नाही. मनगटाचाही नाही. तू मोठी आहेस, तुझा पगार तू कमावतेस, कशावर बसायचं ते तू ठरव.

पण "माझ्यामागे हेर लावलेस" हे तुझं बोलणं मला लागलं. मामाच्या मुलीला मी काही विचारायला गेले नव्हते. तिनं आपणहून सांगितलं. बरं, विचारते मी कधीमधी. पण ती परवा बोलली नसती तर माझ्या मुलीचा हात प्लास्टरमध्ये आहे हे मला कधी कळलं असतं? पाडव्याला? फोनवर तू डावीकडचाच खांदा दाखवत होतीस, तेव्हाच मी बाबांना म्हटलं होतं, हिचं काहीतरी बिनसलंय.

दिवाळीत येताना तू ते फ्रान्सच्या राणीचं, मारी आंत्वानेतचं आणि तिच्या आईचं पत्रांचं पुस्तक घेऊन आलीस आणि इथेच ठेवून गेलीस. "आई, हे वाच म्हणजे माझं काम काय ते तुला कळेल," म्हणालीस. आमचं वाचन चालू आहे. संध्याकाळी मी काजं करायला बसते आणि बाबा इंग्रजी वाचून मराठीत सांगतात. हेरगिरीचंच म्हणत असशील तर त्या आईपुढे, ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया तेरेसापुढे, मी काहीच नाही. लेक फ्रान्सला दिली आणि तिच्यावर डोळा ठेवायला तिथला आपला वकील म्हणजे राजदूत नेमला, मर्सी नावाचा. तो दोन तऱ्हेची पत्रं धाडायचा. एक दरबारात चारचौघांनी वाचायचं, दुसरं फक्त राणीच्या डोळ्यांसाठी. मुलगी कितीला झोपली, कुणाशी हसली, पत्त्यांत किती हरली, सगळं त्यात. मुलगी बिचारी नवल करत बसायची की व्हिएन्नात बसून आईला कळतं कसं. तिला मर्सीचा संशयसुद्धा आला नाही म्हणे. तुला निदान लगेच कळलं.

बाबांनी तिथे पुस्तक मिटून माझ्याकडे बघितलं. मी सुईत दोरा ओवत होते.

खरं सांगू, तू सांगतेस ते फॅशनचं, दरबाराचं मला आवडतं, पण माझं मन राहून राहून त्या आईकडेच जातं. सोळा लेकरांची आई, हाताखाली एवढं साम्राज्य, आणि ही पंधरावी. 1755 च्या नोव्हेंबरात जन्मली आणि 21 एप्रिल 1770 ला घर सोडून गेली. चौदा वर्षांची. तुझी तेव्हा शाळेतली वेणी सुटली नव्हती. जाताना आईनं उपदेशांचा कागद दिला आणि दर महिन्याच्या 21 तारखेला तो वाचायचा असं बजावलं. मी तुला विमानतळावर काय दिलं? लिंबाचं लोणचं आणि ती माझी चांगली कात्री, जी तू हातातल्या पिशवीत ठेवलीस आणि तपासणीत त्यांनी काढून घेतली. तेव्हा तू रडली होतीस. कात्रीसाठी रडलीस असं तू म्हणालीस, मीही मान डोलावली.

तिचं तर सगळंच काढून घेतलं. ऱ्हाइन नदीतल्या बेटावर मुद्दाम तंबूवजा घर उभारलं होतं, त्यात माहेरची माणसं निरोप घेऊन परत फिरली. अंगावरचे माहेरचे कपडे उतरवून फ्रेंच कपडे घातले असं सांगतात. मोप्स नावाचं कुत्रंसुद्धा ठेवू दिलं नाही. ते नंतर मागून मिळालं म्हणे, तेव्हा मला बरं वाटलं.

आता मला आवडलेली गोष्ट. तू हसशील. तिथे गेल्यावर पोरीनं पोटावरची ती देवमाशाच्या जबड्यातल्या पट्ट्यांची कडक चोळी घालायचं सोडून दिलं. मर्सीनं कळवलं. मग आईनं लिहिलं, पॅरिसच्या चोळ्या फार घट्ट असतात असं ऐकते, तू माप पाठव, मी इथून शिवून घेऊन पाठवते. इतक्या मोठ्या बाईचं हे वाक्य वाचून मी सुई खाली ठेवली. माझ्या दुकानात इतकी वर्षं गिऱ्हाइकं येतात, मुलीच्या ब्लाउजचं माप घेऊन सासरी पाठवणाऱ्या आया मी किती बघितल्यात. माप मागायचं निमित्त. अंग सुटलं का वाळलं, ते फितीवर कळतं.

तू माझ्याकडे माप पाठवलंस त्याला किती दिवस झाले ते आठव.

घोड्याचंही तसंच. आईनं बजावलं होतं, घोड्यावर बसायचं नाही, कांती बिघडते, पुढे मूल राहिलं तर धोका. मग तोडगा निघाला तो गाढवाचा. गाढवावर बसून राजघराण्यातली सून रानात फिरायला जायची! एकदा पडली म्हणे त्यावरून, आणि गवतात बसून हसत म्हणाली, मादाम द नोआयला बोलवा, फ्रान्सच्या सुनेनं गाढवावरून पडल्यावर कसं वागायचं याचा रिवाज त्याच सांगतील. या नोआयबाई म्हणजे दरबारी रीतभातीच्या पुस्तकाला पाय फुटलेले, त्यांना ती 'मादाम एटिकेट'च म्हणायची. मला ही गोष्ट ऐकताना हसू आलं आणि लगेच पोटात कसंसं झालं. कारण पुढे ती घोड्यावर बसायला लागलीच, आईला न सांगता, आणि मर्सीनं तेही कळवलंच.

मनू, पावसात दगडी रस्त्यावर रात्री अकराला सायकल. दिवा तरी आहे का तिला? डोक्याला टोपी तू घालत नाहीस, केस चपटे होतात म्हणून. मी इथे रस्त्यावर हॉर्न वाजला तरी उठून गॅलरीत येते. आंबा घाटातल्या त्या रात्रीनंतर बाबांनी स्कूटरला हात लावला नाही, हे तुला माहीत आहे आणि तरी तू...

झालं. काढणार नाही म्हटलं होतं. रागावू नकोस. हे मी खोडणार होते, पण पानाची मागची बाजू भरली आहे.

तिच्या आवडीनिवडींचं तू सांगत होतीस ते आता पुस्तकातही सापडलं. ती पाणीच प्यायची, वाइन नाही. जेवणात कोंबडी, तीही भाजलेली किंवा उकडलेली. आणि सकाळची कॉफी, सोबत व्हिएन्नाच्या लहानपणापासून सवयीचा एक पाव. मादाम काम्पां नावाच्या तिच्या दासीनं लिहून ठेवलंय हे. त्या एवढ्या थाटात तिला गोड लागायचं ते माहेरचं. लोकांसमोर जेवायची पद्धत होती, गर्दी करून माणसं बघायला यायची, तर ती हातमोजेसुद्धा काढायची नाही, रुमाल उलगडायची नाही. नंतर आपल्या दालनात येऊन खायची. तू मात्र कुणी बघत नसलं तरी नीट जेवतेस ना? पाव आणि चीज हे जेवण नव्हे. इथे बाबांनी लिहिलंय बघ, "फ्रान्सची सगळी माणसं त्यावरच जगतात." मी फ्रान्सच्या माणसांची आई नाही.

आणि तो शेमीजचा किस्सा. थंडीत सकाळी उघड्या अंगानं उभी, अंगात घालायचा झगा दासीनं द्यायचा, तेवढ्यात मानाची बाई आली, मग तिनं द्यायचा. तेवढ्यात राजघराण्यातली दुसरी आली, मग मान तिचा. मग दिराची बायको. आधी हातमोजे काढायचे, झगा एकीकडून दुसरीकडे. ही हात छातीशी धरून कुडकुडतेय आणि पुटपुटतेय. मला नवल याचं वाटतं की त्या सगळ्याजणींमध्ये एका त्या जावेलाच वाटलं, घाल गं पोरी लवकर, आणि तिनं हातमोजे न काढताच झगा घातला. रीत पाळली, पोर गारठली. असल्या घरात दिलेली मुलगी पुढे पेती त्रियानोंत जाऊन बसणार नाही तर काय करणार? 1774 ला राजानं तिला ते दिलं, आणि तिथे ती सांगेल तोच आत येणार. मला तिचा तो वाडा पटतो. शेजारचं खेडं, ती दूधदुभत्याची कोठी आणि चिनी मातीची भांडी मला फारशी पटत नाहीत.

केसांचं तर विचारूच नकोस. 1775 मध्ये आईनं लिहिलं की वर्तमानपत्रांत सारखं येतंय, तुझे केस मुळापासून 36 इंच उंच बांधतात, वर पिसं आणि रिबिनी. अगं, तीन फूट! दारातून वाकून जात असतील. पुढच्या वर्षी अडीच लाख लीव्रची (लीव्र म्हणजे तिथला तेव्हाचा पैसा) कांकणं घेतली, तेही आईला बाहेरूनच कळलं. आईच्या प्रत्येक पत्रात एक बोलणी आहेतच. आणि मुलीचं उत्तर, केसांचं आहे थोडंसं खरं, पण सगळ्याच जणी बांधतात. हे उत्तर मी आमच्या घरी ऐकलंय. दहावीच्या सुट्टीत.

पण तिची शिंपीण, रोज बर्तां, ती मला मनापासून आवडली. दुकानाचं नाव काय, तर 'ग्रां मोगोल'. म्हणजे आपला मोगल बादशहा! पॅरिसच्या रस्त्यावर. आठवड्यातून दोनदा राणीकडे जायची, कुणाची ओळख नको, शिफारस नको. सुईदोऱ्यावर इतकं वर चढलेली बाई. लोक तिला फॅशनची मंत्री म्हणायचे, चिडून म्हणायचे, पण म्हणायचे.

आणि ते कापडाच्या तुकड्यांचं पुस्तक. 1782 च्या पोशाखांचं. प्रत्येक झग्याचा इवलासा तुकडा चिकटवलेला, आणि सकाळी राणीनं त्यावर टाचणी टोचायची, आज हा आणि हा. तू फोनवर सांगितलंस की ते तुला बघायला मिळालं, तुमच्या बाईंबरोबर, हातमोजे घालून. त्या दिवशी मी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं. बाबांनी बँकेत सांगितलं. आत्याला सांगितलं, ती म्हणाली, चिंध्याच ना. मी तिच्याशी अजून नीट बोलत नाही. माझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही तू लहानपणी घेऊन बसायचीस, प्रत्येकीच्या ब्लाउजपीसचा तुकडा टाचलेली. उन्हाळ्यात सगळे तुकडे काढून तू रंगांप्रमाणे लावले होतेस, आणि कुणाचा कुठला ते मला कळेना. मी तुला तेव्हा मारलं होतं. आज मला त्या वहीचा फार अभिमान वाटतो.

एका बाबतीत मात्र मी तुझ्या राणीच्या बाजूची नाही. ते पांढऱ्या मलमलीच्या झग्यातलं चित्र, 1783 चं, विजे ल ब्रँ बाईंनी काढलेलं. तू म्हणतेस, किती साधी, किती मोकळी दिसते. लोकांनी ओरड केली की राणी आतल्या कपड्यांवर बसलीय, आणि चित्र प्रदर्शनातून उतरवावं लागलं, ते चूक होतं, कबूल. पण लियोनचे रेशमाचे विणकरही ओरडत होते, राणीनं रेशीम सोडलं तर आमच्या मागांचं काय. ते चूक नव्हतं. तू इचलकरंजीत वाढलीस. माग थांबल्यावर गल्ली कशी गप्प होते हे तुला सांगायला नको. आणि ती तलम मलमल हिंदुस्थानातून जायची, बंगालच्या कोष्ट्यांच्या हातची, त्यांना त्यातलं किती मिळालं ते कुणी चित्रात काढलं नाही. यावर तू वाद घालणार. घाल. फोन कर आणि घाल.

शेवटची पानं बाबांनी मला वाचून दाखवली नाहीत. मीच नको म्हटलं. पण एवढं त्यांनी सांगितलंच, की क्रांतीनंतर तुरुंगात तिला विणायच्या सुया देत नव्हते, तर तिनं भिंतीवरच्या जाड कापडातले दोरे ओढून काढले आणि त्यांची पट्टी विणली. हाताला चाळा लागतो. आपल्या धंद्यातल्या बाईला हे समजतं. तेव्हा तिला सदतीस वर्षं होती.

आई त्याआधीच गेली होती, नोव्हेंबर 1780 ला. एप्रिल 1770 ला निरोप घेतला त्यानंतर दोघींची गाठ पडलीच नाही. दर महिन्याला पत्र, दोन्हीकडून, घोडेस्वार पळतायत, आणि भेट नाही. मुलीला मूल व्हावं म्हणून इतकी वर्षं पत्रांतून मागे लागली, 1778 च्या डिसेंबरात नात झाली, तिला आजीचंच नाव ठेवलं, तीही आजीनं बघितली नाही. तुझ्या मागे मी त्या बाबतीत लागलेली नाही, हे लक्षात घे. मी फक्त हाताचं विचारतेय.

काही मागणं नाही माझं. कधी पडलीस तर पडले म्हण. कुणाकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलं तर मी कमी ओरडेन. ओरडणार नाही असं म्हणत नाही. आणि मामाच्या मुलीवर रागावू नकोस, ती डबा घेऊन दवाखान्यात आली होती हे तूच विसरतेस. तिला मी यापुढे विचारणार नाही. ती बोलली तर कान बंद करणार नाही.

मेतकूट आणि डिंकाचे लाडू कुरियरनं पाठवलेत. लाडू रोज एक, हाड जुळायला चांगले, मैत्रिणींना वाटून टाकू नकोस. प्लास्टर काढल्यावर लगेच शिलाई मशीनवर बसायचं नाही, आधी गरम पाण्यात बोटं हलवायची. तुझ्या बाईंना सांगून हातशिलाईचं काम थोडे दिवस दुसऱ्या कुणाला द्यायला लाव. त्या चांगल्या आहेत असं तूच सांगतेस. माप पाठव, फीत नसेल तर दोरा लावून त्याचा फोटो काढ. आणि एक्स-रेचाही पाठव, बाबा डॉक्टरकाकांना दाखवणार आहेत.

सायकल सध्या कुठे आहे?

तुझी,
आई