मर्जी आपली, त्रास शेजाऱ्याला

‘माझं डोकं, माझी मर्जी’ असं हेल्मेटबद्दल म्हणणाऱ्यांचं मला निम्मं पटतं. प्रौढ माणसाच्या स्वतःपुरत्या बाबतीत सरकारने पडू नये, हे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्येच मांडलं. मात्र दुसऱ्याला इजा होते तिथे ही मुभा संपते, हेही त्यांचंच.

मिरवणुकीत आमच्या दारासमोर साउंड सिस्टिमची भिंत उभी राहते, तेव्हा मांडणीवरची भांडी थरथरतात. आई कानांत कापूस घालून आतल्या खोलीत बसते. तिच्या मर्जीचं काय?

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. ती सक्ती मला मोलाची वाटते, कारण त्यातून पोराला वाट मिळाली. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियमही पोलिसांनी तितक्याच निग्रहाने राबवावा.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर